पिझ्झ्यावरचं प्रोशुत्तो: भट्टीच्या आत की बाहेर?

पो_काठची
नमस्कार मंडळी. तीन वर्षांपूर्वी आम्ही पार्मात राहायला आलो. घरापासून पाच मिनिटांवर सालुमेरिया आहे, म्हणजे खारवलेल्या मांसाचं आणि चीजचं दुकान. तिथे छताला डुकराच्या मागच्या मांड्या टांगलेल्या असतात. मालक त्यातली एक यंत्रावर चढवतात आणि इतकी पातळ कापतात की खालच्या कागदाचा रंग वरून दिसावा. त्याचं नाव प्रोशुत्तो क्रूदो. नुसतं खायला स्वर्गीय लागतं, त्याबद्दल माझी काही शंका नाही.

शंका पिझ्झ्याची आहे. गेल्या शनिवारी पहिल्यांदाच घरी पिझ्झा केला. वर ताजं मोझरेला, त्यावर 24 महिने मुरवलेलं क्रूदो पसरलं आणि 250 अंशांवर पंधरा मिनिटं भाजलं. प्रोशुत्तो तपकिरी होऊन कडक झालं आणि एवढं खारट की नवरा दोन घासांत थांबला. मधली पोळी मात्र ओली गिच्च. 100 ग्रॅम क्रूदो अक्षरशः वाया गेलं. मालकांनी किती निगुतीनं कापून दिलं होतं, त्याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या महिन्यात आईबाबा येताहेत. बाबा सगळं खातात, आई शुद्ध शाकाहारी. दोघांना इथलं इथल्यासारखं करून घालायचंय. तर सांगा: क्रूदो कधी घालायचं, चीज कोणतं आणि पोळी ओली का राहते?

तंदूरवाला
बाहेर. नेहमीच बाहेर. आता धागा बंद करायला हरकत नाही. :)

मिलानवासी
तंदूरवाले, उत्तर बरोबर, पण कारण नको का द्यायला?

पो_काठची, पुढच्या वेळी पिझ्झेरियात गेलीस की यादी नीट वाच. क्रूदोच्या पिझ्झ्यापुढे बऱ्याच ठिकाणी 'इन उशीता' किंवा 'फुओरी कोत्तूरा' असं लिहिलेलं असतं. पहिल्याचा अर्थ भट्टीतून निघताना, दुसऱ्याचा भाजण्याच्या बाहेर. क्रूदोत मुळातच पाणी कमी आणि मीठ भरपूर. भट्टीत उरलंसुरलं पाणीही उडतं, मीठ मात्र तिथेच राहतं. म्हणून ते घशाला लागलं. त्यातली पांढरी चरबी वितळून वाहून जाते, आणि क्रूदोचा गोडवा त्या चरबीतच असतो.

प्रोशुत्तो कोत्तो ही वेगळी वस्तू. ते शिजवलेलं, ओलसर आणि गुलाबी असतं. ते मशरूमबरोबर खुशाल भट्टीत जातं. नावं सारखी असल्यामुळे घोटाळा होतो. दुकानात नुसतं 'प्रोशुत्तो' म्हटलंस तर मालक हमखास विचारतील, क्रूदो की कोत्तो?

करायचं असं. पिझ्झा बाहेर काढ, एक-दीड मिनिट थांब आणि मग क्रूदोच्या चकत्या सैल हातानं, चुण्या पडतील अशा ठेव. सपाट चिकटवू नकोस. पोळीच्या वाफेनं चरबीची कड काचेसारखी पारदर्शक व्हायला लागते. त्या क्षणी ताट पुढे कर.

चार्ल्सकाठी
मी बोस्टनला असतो आणि मला थोडं वेगळं म्हणायचंय. कुरकुरीत क्रूदो वाईटच लागतं हे मला पटत नाही. मी दोन चकत्या ताटलीत वेगळ्या भाजतो, 180 अंशांवर दहाएक मिनिटं, आणि गार झाल्यावर चुरून पिझ्झ्यावर भुरभुरवतो. आमच्या घरी पोरं त्यावर तुटून पडतात.

मिलानवासी
चुरा म्हणून घालणं मलाही मान्य आहे, तेव्हा ते मिठाचं काम करतं. पण मग 24 महिन्यांचं क्रूदो त्यासाठी वापरू नका. सालुमेरियात मांडीचा टोकाचा उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो, त्याला गांबुच्चो म्हणतात. चुऱ्याला, सारणाला तो उत्तम. चांगल्या चकतीला आच दाखवायची नाही, यावर मात्र मी ठाम आहे.

कृष्णाकाठचा
मंडळी, मी कराडचा. पिझ्झा खाल्लाय, पण कच्चं डुकराचं मांस न शिजवता खायचं म्हणजे पोटात गोळा येतो. खरंच चालतं का ते? मनापासून विचारतोय.

पो_काठची
दादा, पहिल्या वर्षी मीही हाच प्रश्न घेऊन बसले होते. मग एका सप्टेंबरात लांगिरानोला गेलो. पार्माच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे ते. तिथे त्या सुमाराला प्रोशुत्तोचा उत्सव असतो आणि काही उत्पादक लोकांना आत नेऊन सगळं दाखवतात.

घटक दोनच, मांडी आणि समुद्री मीठ. मीठ लावणाऱ्या माणसाला 'माएस्त्रो सालातोरे' म्हणतात. कातडीच्या बाजूला तो ओलं मीठ लावतो आणि उघड्या मांसाला कोरडं. मग काही आठवडे थंड खोल्यांत मुरवणं, त्यानंतर धुणं आणि वाळवणं. उघडा भाग फार सुकू नये म्हणून त्यावर चरबी, पीठ आणि मिरी यांचा लेप देतात. किमान 14 महिने झाल्याशिवाय पार्मा हे नाव लावता येत नाही. परीक्षा पार पडली की कातडीवर तापवलेल्या लोखंडानं पाच टोकांच्या मुकुटाचा शिक्का उठवतात.

वाळवायच्या खोल्यांना उंच, अरुंद खिडक्या आहेत, समोरासमोर. आमच्या कोकणात सुक्या मासळीला वारा लागतो तसाच यालाही लागतो, फक्त सावलीतला.

आणि एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. तपासणारे गृहस्थ घोड्याच्या हाडाची सुई घेऊन आले. ती मांडीत खुपसली, झटकन बाहेर काढली, नाकापाशी नेली. पुन्हा दुसऱ्या जागी. अशा पाच जागी. मी विचारलं, हाडाचीच का? म्हणाले, हे हाड सच्छिद्र असतं, वास पटकन धरतं आणि पटकन सोडतंही. सुई माझ्या नाकापाशी धरली तेव्हा मला सुक्या मेव्याचा आणि लोण्याचा मंद वास आला. मांसाचा वास अजिबात नव्हता.

औषधीण
कृष्णाकाठचा, यात दोन गोष्टी घडतात. मीठ आत शिरतं आणि पाणी बाहेर पडतं. जंतूंना वाढायला जे मोकळं पाणी लागतं ते उरत नाही. त्यात महिनोन्‌महिने जातात. आपण लोणच्यात कैरी मिठात ठेवतो त्यामागचं तत्त्व हेच.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. गरोदर बाईनं हे खाऊ नये. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीच्या भीतीनं इटलीतले डॉक्टरही गरोदरपणात क्रूदो बंद करायला सांगतात. कोत्तो किंवा पूर्ण भाजलेलं चालतं. घरी कुणी गरोदर असेल तर तिचा पिझ्झा वेगळा करा.

कृष्णाकाठचा
लोणच्याचं उदाहरण दिलंत आणि एकदम पटलं. धन्यवाद ताई. घोड्याच्या हाडाची सुई आज घरी सगळ्यांना सांगणार.

पीठपुराण
आता पोळीकडे येऊ या, कारण मूळ प्रश्नातला तो भाग कुणी उचललाच नाही.

ताई, तुझी पोळी दोन कारणांनी ओली राहिली. एक म्हणजे ताजं मोझरेला पाण्यात बुडवून विकतात. पिशवीतून काढून तसंच घातलंस तर त्याचं सगळं पाणी पोळीवर उतरणार. त्याच्या बोटभर पट्ट्या कापून चाळणीत ठेव, खाली वाडगा, आणि चाळणी तीन-चार तास फ्रीजमध्ये. वाडग्यात किती पाणी साचतं ते बघच. पिझ्झ्याला गाईच्या दुधाचं फिओर दी लात्ते बरं, म्हशीच्या मोझरेलाला पाणी जास्त सुटतं.

दुसरं कारण आच. नापोलीच्या भट्टीत 450 अंशांच्या आसपास दीड मिनिटाच्या आत पिझ्झा होतो. घरची भट्टी 250 वर थांबते. म्हणून घरी नापोलीची नक्कल करू नये, रोमची पद्धत धरावी. लोखंडी तबकात तेल लावून पोळी पसरायची आणि दोन टप्प्यांत भाजायची.

माझं प्रमाण: 500 ग्रॅम मैदा, 350 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, 15 ग्रॅम ऑलिव्ह तेल आणि कोरडं यीस्ट फक्त 2 ग्रॅम. कालवायचं, वीस मिनिटं झाकून ठेवायचं, मग दर पंधरा मिनिटांनी ओल्या हातानं कडा उचलून मध्ये दुमडायच्या, असं तीनदा. नंतर डबा 24 तास फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी तीन तास बाहेर. तेल लावलेल्या तबकात बोटांच्या टोकांनी दाबत पसरवायचं, लाटणं लावायचं नाही, आतली हवा जाते.

भट्टी पूर्ण तापवून तबक अगदी खालच्या तळावर ठेवायचं, दहा-बारा मिनिटं. वर फक्त तेल आणि चिमूटभर जाडं मीठ. पोळी खालून लालसर झाली की मोझरेला पसरायचं आणि वरच्या कप्प्यात चार-पाच मिनिटं, चीज वितळेपर्यंतच. मग बाहेर. मग क्रूदो. टोमॅटो घालूच नको असा माझा आग्रह आहे. टोमॅटोचा आंबटपणा क्रूदोचा गोडवा मारतो.

चार्ल्सकाठी
पिठाच्या पिशवीवरचं '00' म्हणजे पोळी जास्त चिवट होणार ना?

पीठपुराण
नाही, हा फार पसरलेला गैरसमज आहे. 00 म्हणजे पीठ किती पांढरं, कोंडा किती काढून टाकलेला. चिवटपणाशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी पिशवीवर डब्ल्यूचा आकडा शोधायचा किंवा प्रथिनं बघायची. 24 तास आंबवायचं असेल तर 12 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं पीठ घ्या. भारतात नेहमीचा मैदा वापरणाऱ्यांनी पाणी 300 ग्रॅमच घालावं, नाहीतर पीठ हाताला लागून सगळीकडे पसरेल.

खापरावरची
मी जळगावची, सध्या रिमिनीजवळ. ताई, पिझ्झ्याच्या मागे लागूच नको, पियादिना कर, म्हणजे इथली तव्यावरची पोळी! इकडे रोमान्यात क्रूदो आणि चीज खायचं ते पियादिनात. यीस्ट नाही, भट्टी नाही, वाट बघणं नाही.

500 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम डुकराची चरबी, म्हणजे स्त्रुत्तो, 10 ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी लागेल तसं, दोनेकशे ग्रॅम. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं. अर्धा तास झाकून ठेवायचं. सहा उंडे करून लाटायचे आणि कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी. काट्यानं टोचत राहायचं म्हणजे फुगा येत नाही. काळे डाग पडले की उतरवायची. रिमिनीकडे पातळ आणि मोठी करतात, वर राव्हेन्नाकडे जाड आणि लहान.

आत स्क्वाक्वेरोने पसरायचं. चमच्यानं घ्यावं लागतं इतकं मऊ, किंचित आंबट चीज असतं ते. वर क्रूदो, रूकोलाची (तिखटसर पालेभाजी) पानं, अर्धी दुमड.

पहिल्यांदा पियादिना केली त्या दिवशी मला रडू आलं होतं. कारण सांगते. इथे जुन्या पद्धतीचा तवा मातीचा असतो, त्याला तेस्तो म्हणतात. डोंगरातल्या मोंतेतिफ्फी नावाच्या खेड्यात अजून हातानं घडवतात. शेजारच्या आजीबाईंनी तो चुलीवरून उतरवला, आणि त्याच्या काळ्या पाठीवर मला आमच्या घरचं पुरणाचे मांडे करायचं खापर दिसलं. पोळी हातावर मोठी करून उलट्या खापरावर टाकणारी माझी आजी दिसली. आजीबाईंना मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये ते सांगितलं. त्यांनी काही न बोलता उंडा माझ्या हातात दिला.

तंदूरवाला
खापरावरची, वाचून गप्प झालो. सुंदर.

पण पियादिना म्हणजे पिझ्झा नव्हे, हे नोंदवून ठेवतो.

खापरावरची
पिझ्झा नव्हेच! पिझ्झा म्हटलेलं रिमिनीत कुणाला चालणार नाही. मी फक्त म्हणतेय की क्रूदोला त्याचं घर तिथे सापडतं.

मिलानवासी
मग पार्माच्या घराचं काय? तिथे तोर्ता फ्रित्ता असते. पिठाचे चौकोन तळायचे, टम्म फुगले की गरमागरम असतानाच त्यावर क्रूदोची चकती टाकायची. मोदेनात त्यालाच न्योक्को फ्रित्तो म्हणतात. आपल्या पुरीची थेट मावसबहीण.

कृष्णाकाठचा
पुरी म्हटलंत आणि मी पुन्हा धाग्यात आलो. :)

पोयेवाली
गोव्याहून. आमच्याकडच्या लोकांना एक सांगायचंय, कारण माझ्या भावाकडून ही चूक झाली होती. क्रूदो कच्चं चालतं तर चोरीस, म्हणजे आमचे गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज, पण चालतील, असं समजून त्यानं सोलून तसेच पिझ्झ्यावर घातले, तेही पिझ्झा बाहेर काढल्यावर. दोन दिवस पोट धरून होता.

चोरीस मीठ, मिरची, व्हिनेगरमध्ये मुरवून वाळवतात, पण ते शिजवूनच खायचं असतं. आधी कढईत थोड्या पाण्यावर कांद्याबरोबर शिजवून घ्या, चरबी सुटू द्या, मग पिझ्झ्यावर. आमच्या पोदेरकडच्या (पाववाल्याकडच्या) पोयेत, म्हणजे पावात भरून तर ते कुठल्याही पिझ्झ्याला हरवतं, हे मी छातीठोकपणे म्हणते.

चार्ल्सकाठी
+1. चोरीस-पोये आणि वर कांदा. भूक लागली.

निरांजन
ताईच्या आईंबद्दल कुणीच बोललं नाही. मी स्वतः शाकाहारी, सात वर्षं इटलीत काढली, म्हणून सविस्तर लिहिते.

पार्मिजानो रेज्जानो शाकाहारी नाही. त्यात वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं आणि दुसरं वापरायची परवानगीच नाही. ग्राना पादानोही शाकाहारी नाही, आणि पेकोरीनो रोमानोत कोकराच्या जठरातलं रेनेट असतं. स्क्वाक्वेरोनेतही प्राण्याचंच रेनेट. मला हे दोन वर्षांनी कळलं आणि तोवर मी रोज पास्त्यावर किसून खात होते. आईंना आधीच सांगून टाका, नंतर कळलं की मनाला लागतं.

पाकिटावर 'काल्यो', म्हणजे रेनेट, हा शब्द शोधा. पुढे 'वेजेताले' (वनस्पतीचं) किंवा 'मिक्रोबिको' (सूक्ष्मजीवांचं) असेल तर चालेल. मोझरेलात असे प्रकार मिळतात. मास्कार्पोने साय आणि आम्ल यांपासून होतं, त्यात रेनेट नसतं.

दुसरी अडचण पोळीची. तयार पियादिनात बहुधा स्त्रुत्तो असतो, काही बेकऱ्यांच्या फोकाच्या नावाच्या पावातही. घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका. घरी करणार असाल तर ऑलिव्ह तेल घाला, पियादिनाला तेही रीतीला धरूनच आहे.

पीठपुराण
निरांजन, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तेलाची पियादिना करायची तर 100 ग्रॅम चरबीच्या जागी 70 ग्रॅम तेल पुरतं.

आजरेकर
कोल्हापूरकडचा आहे, इथे स्क्वाक्वेरोने कुठून आणायचं? मी घरचा चक्का घेतो, रात्रभर टांगलेला, त्यात दोन चमचे साय आणि मीठ घालून फेटतो. आंबटपणा आणि मऊपणा दोन्ही जुळतं. रूकोला मिळत नाही, तर कुंडीत अळीव पेरतो. आठवड्यात बोटभर रोपं येतात आणि जिभेला तसाच तिखट चटका देतात.

मिलानवासी
अळीव! हे मला कधीच सुचलं नसतं. चक्काही चोख. पो_काठची, आईंसाठी तुझं उत्तर इथेच आहे बघ.

अजून एक. आईबाबा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात असतील तर ताजी अंजिरं घे. रोममध्ये साध्या पांढऱ्या पिझ्झ्यात अंजीर आणि क्रूदो घालून खातात. अंजीर सोलून बोटांनी पोळीवर चिरडायचं, वर क्रूदो. चीज लागतही नाही.

पो_काठची
सगळ्यांचे मनापासून आभार. आईबाबा परवा परत गेले, आता सांगते काय काय झालं.

पीठपुराणांच्या प्रमाणानं पिझ्झा केला. मोझरेला चाळणीत ठेवलं, खाली जवळजवळ अर्धी वाटी पाणी निघालं. पहिल्या वेळी ते सगळं मी पोळीला पाजलं होतं. या वेळी खालची बाजू वाजवली तर ठकठक आवाज आला. क्रूदो आणायला बाबांना घेऊन गेले. दुकानाच्या मालकांनी पहिली चकती काट्यावर उचलून त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती उजेडासमोर धरली, चरबीकडे बोट दाखवून मला विचारलं, ही काढायची का? मालकांना मराठी कळत नाही, पण प्रश्न कळला. दोन्ही हात हलवत 'नो, नो, नो!' बाबांनी चकती तशीच तोंडात टाकली आणि मालकांकडे बघून मान डोलावली. मग दीड एत्तो घेतलं, म्हणजे 150 ग्रॅम. घरी पिझ्झा बाहेर काढला, दीड मिनिट थांबले, क्रूदो ठेवलं, आणि कड पारदर्शक होताना बाबांना दाखवली. शेवटचा तुकडा त्यांनीच संपवला.

आईसाठी तेलातल्या पियादिना, आत आजरेकरांचा चक्का, अंजीर आणि अक्रोड. वेगळा तवा, वेगळं लाटणं. पहिल्या दोन मी केल्या. तिसरीला आईनं लाटणं काढून घेतलं, म्हणाली, कडा जाड राहताहेत तुझ्या. तिच्या एकसारख्या गोल आणि पातळ झाल्या. खापरावरची, तू असतीस तर रिमिनीच्या म्हणाली असतीस.

आई जाताना सोड्याचं आणि तेलाचं प्रमाण लिहून घेऊन गेली आहे. काल फोनवर विचारत होती, चक्क्यात अंजिराऐवजी पिकलेलं केळं चालेल का. कुणी करून बघितलंय का?

आजरेकर
केळं नको, फार गोड होईल. काकूंना पिकलेला पेरू सांगा, बिया काढून.